जपाच्या गाठोड्यातली कादंबरी

नानासो मगदुमांनी गाठोडं सोडलं, वरची वही उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग अंगठा लावून एकदम वीस-पंचवीस पानं पुढं गेले. मी समोरच्या बाकावर पदर आवळून बसले होते. पलीकडच्या खोलीत त्यांच्या छापखान्याचं मशीन खडखडत होतं.

"बाई," ते म्हणाले, "ह्यात नुसतं राम राम आहे."

मी म्हणाले की पहिल्या पानावरच आहे, पुढं गोष्ट सुरू होते. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी वहीच माझ्याकडं फिरवली. श्रीराम जयराम जय जय राम. माझंच अक्षर, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. नऊच्या नऊ वह्या जपाच्या निघाल्या.

म्हणजे माझी कादंबरी रहिमतपूरला सासूबाईंजवळ होती, आणि सासूबाई ते गाठोडं आज माहुलीच्या संगमावर कृष्णेत सोडणार होत्या.

हे असं कसं झालं ते आधी सांगते.

एकाहत्तरच्या लढाईत आमचे हवालदार, म्हणजे माझे यजमान नाथाजी, सरहद्दीवर होते. तेव्हा माझ्या सासूबाई बनुबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांनी देवापुढं शब्द टाकला की पोरगा धड परत आला तर पाच लाख रामनाम लिहून कृष्णामाईला वाहीन. आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मी लिहायची. लढाई संपली, हवालदार रजेवर येऊन परतही गेले, तरी बोललेला आकडा पुरा व्हायचा होता. रोज आंघोळ करून एक पान लिहिल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नसे.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात मी काही महिने माहेरी, माण तालुक्यात होते. तिथल्या सरकारी दुष्काळी कामाच्या खडीकेंद्रावर लिहिता येणारं माणूस हवं होतं म्हणून हजेरीचं काम माझ्याकडं आलं. दगड फोडणाऱ्या दोनशे बायकांची नावं मी रोज वाचायची. परत सासरी आले तरी त्या बायका मला सोडीनात. मी लिहायला बसले.

पण लिहिलेलं ठेवायचं कुठं? सून पानंच्या पानं लिहितेय म्हणजे माहेरी गाऱ्हाणं कळवतेय, असं आमच्या आळीत समजत. जपाच्या वहीला मात्र कुणी हात लावत नसे. मी तसल्याच वह्या आणल्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एकशे आठ वेळा नाम लिहायचं आणि दुसऱ्या पानापासून खडीकेंद्र. देवाला मी फसवत नव्हते, त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आत्याबाईंना. देवघराच्या फळीवर दोन चळती झाल्या, जपाच्या नऊ आणि माझ्या नऊ. आत्याबाई रोज सकाळी दोन्हीवर हळदकुंकू आणि एकेक फूल वाहायच्या.

गोष्ट पुरी झाल्यावर मी तीन प्रकाशकांना पत्रं घातली. पुण्याहून नकाराची छापील चिठ्ठी आली. दुसऱ्यांनी लिहिलं की नवीन माणसाचं घेत नाही. तिसऱ्यांचं उत्तरच नाही. चौथं पत्र सांगलीच्या मगदुमांना. त्यांचं कार्ड आलं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं: "तुमच्या पत्रात दोन पानं क्षमायाचना आहे आणि एक ओळ खडीकेंद्रावरच्या बायकांची. त्या एका ओळीसाठी हे लिहितो. सगळं लिखाण घेऊन गुरुवारी या. रविवारी यंदाच्या पुस्तकांची यादी बंद होईल. नंतर वर्षभर मशीन मोकळं नाही."

गुरुवार म्हणजे अधिक श्रावणातली वद्य द्वादशी. जपाचा आकडा पुरा झाला म्हणून त्याच दिवशी आत्याबाईंनी माहुलीला जायचं ठरवलेलं. मी त्यांना सांगितलं, अर्ध्या वह्या तुम्ही कृष्णेला वाहा, अर्ध्या मी सांगलीच्या गणपतीच्या पायाला लावून आणते. त्यांना ते पटलं. आपलं बोलणं खोटं ठरू नये म्हणून सांगलीला उतरल्यावर मी आधी गणपतीच्या देवळात गेले, गाठोडं पायरीला लावलं, आणि मगच मगदुमांचा पत्ता विचारला.

चूक झाली ती त्याआधी. गुरुवारच्या आधीचे चार दिवस मी बाहेर बसले होते, देवघराला शिवायचं नव्हतं. उंबऱ्याबाहेरून मी आत्याबाईंना सांगितलं की खिडकीकडच्या नऊ माझ्या. त्यांनी मान डोलावली. पण एकादशी म्हणून त्यांनी आधीच दोन्ही चळती खाली घेऊन फळी धुतली होती, आणि परत ठेवताना अदलाबदल झाली होती. दोन्ही चळती त्यांनी लाल कापडात बांधल्या, कुंकू लावलं, फूल खोवलं. पूजा झालेलं गाठोडं देवापाशी जाईपर्यंत सोडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. गुरुवारी पहाटे न्हाऊन मी खिडकीकडचं गाठोडं उचललं आणि एस.टी. गाठली. वाटेत एकदा मनात आलं की गाठ जरा सैल करून बघावं. बघितलं नाही.

हे सगळं मगदुमांना सांगताना माझा आवाज आणखीच खाली गेला. त्यांना दोनदा पुढं वाकावं लागलं.

"प्रत कुठं आहे?"

मी मान हलवली.

"कार्बन घालून?"

"नाही."

ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरच्या ना तुम्ही? पेरायचं बी आणि खायचे दाणे एका कणगीत ठेवता का?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. आत्याबाई नैवेद्य दाखवून साडेबाराच्या गाडीनं निघणार होत्या. मी इथून लगेच निघाले असते तरी तीनच्या आत पोचत नव्हते. मगदुमांनी विचारलं, गावात फोन कुणाकडं आहे? आमच्या आळीत एकच होता, लालासाहेबांच्या सरकी-पेंडीच्या दुकानात. मगदुमांनी अर्जंट ट्रंक कॉल लावला आणि म्हणाले, आता बसायचं.

बसलो. ते तपकीर ओढत होते. मी पदराआड बोटांवर जप मोजत होते आणि चुकत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, वह्या येतील तेव्हा येतील, तोवर गोष्ट सांगा. काय आहे त्यात?

ह्या प्रश्नासाठी मी चार वर्षं थांबले होते, आणि मला सांगता येईना. मी दुष्काळापासून सुरुवात केली. मग माहेरच्या विहिरीचं सांगितलं, माझे वडील मास्तर होते ते सांगितलं, माझं लिखाण साधं आहे, चुका असतील, असंही म्हणाले. मशीनच्या आवाजात निम्मं बुडालं. त्यांनी कानामागं हात धरला. मोठ्यानं बोला म्हणाले.

मोठ्यानं बोलता येत नव्हतं. अधिक महिन्याचा म्हणून मी नियम धरला होता की महिनाभर चढ्या आवाजात बोलायचं नाही. तो हवालदारांच्या नावानं धरला होता. गेले दोन महिने त्यांचं पत्र नव्हतं. सव्वीस दिवस पाळला होता. हे मगदुमांना सांगायची लाज वाटली, म्हणून मी तशीच हळू बोलत राहिले.

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "बाई, राग मानू नका. पत्रातली एक ओळ बरी होती. पण तुमच्या तोंडून मला अजून गोष्टच ऐकू आलेली नाही. विहीर ऐकली, मास्तर ऐकले. जे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही त्यासाठी मी मशीन अडवून कसं ठेवू?"

साडेबारा वाजून गेले. मनात आत्याबाईंची एस.टी. हलली. फोन वाजला तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती.

मगदुमांनी उचलला आणि तेच बोलले. मी मगदूम, सांगलीहून, तुमच्या शेजारच्या बनुबाईंना थांबवा. पलीकडं लालासाहेबांनी काय विचारलं ते कळलं नाही, पण मगदुमांचा चेहरा लाल झाला. "अहो, मी कोण काय विचारता? मी प्रकाशक." पुन्हा काहीतरी झालं. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "तो म्हणतोय, कोण चेष्टा करतंय, म्हातारी गेली देवाला. ठेवणार आहे फोन. तुम्हीच बोला. तीन मिनिटांतलं एक गेलं."

मी रिसीव्हर घेतला. "लालासाहेब भावजी, मी शालू."

"कोण? आवाज येत न्हाई. मोठ्यानं बोला."

मी पुन्हा तितक्याच आवाजात म्हणाले. तारेवर वारा सुटल्यासारखा आवाज होता, आणि त्यात लालासाहेब कुणाला तरी सांगत होते, काय न्हाई, राँग नंबर दिसतोय.

डोळ्यांपुढं आधी हवालदार आले, बंकरपाशी उभे. मग वह्या आल्या. मी डोळे मिटले, रामाला म्हणाले, पाप माझं, ते हवालदारांवर काढू नकोस, आणि ओरडले.

"भावजी, मी शालू बोलतेय, नाथाजींची. आत्याबाईंना माहुलीला गाठा. त्या वह्या पाण्यात सोडू देऊ नका."

मग लालासाहेब म्हणाले, "वहिनी, तुमी? तुमचा एवढा आवाज हाय व्हय?"

"भावजी, त्या वह्या जपाच्या नाहीत."

"मग कशाच्या हायत?"

त्यांच्या दुकानात त्या वेळेला निदान पाच गिऱ्हाइकं असणार हे मला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळणार हेही माहीत होतं.

"मी कादंबरी लिहिलीय," मी ओरडून सांगितलं. "एकच प्रत आहे."

"आरं तिच्या," लालासाहेब म्हणाले. "राजदूत फटफटीला लाथ मारतो. ठेवा फोन."

रिसीव्हर ठेवला तेव्हा खोलीत काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मशीन थांबलं होतं. छापखान्यातली दोन माणसं शाईचे हात तसेच धरून दारात उभी होती. मशीनमध्ये कुणाचा हात सापडला की काय, असं त्यांना वाटलं होतं.

मगदुमांनी त्यांना जायला सांगितलं नाही. ते म्हणाले, "आता त्याच आवाजात गोष्ट सांगा."

नियम मोडलाच होता. आता पुन्हा हळू बोलून तो जोडला जाणार नव्हता. आणि रहिमतपूर-माहुली रस्त्यावर जे व्हायचं ते माझ्या हातात नव्हतं. मी उभी राहिले.

मी सांगितलं की खडीकेंद्रावर सुलाबाई नावाची एक बाई असते, तिच्या दोन पोरी. तिची शेजारीण हरणाबाई तिच्याशी पाण्यावरून रोज भांडते. एके दिवशी सुलाबाई तापानं मरते. नाव कापलं तर पोरींच्या वाट्याचं सुकडीचं खाणं बंद होणार असतं. दुसऱ्या दिवशी हजेरीवाली बाई नाव पुकारते, सुलाबाई, आणि रांगेतून ती भांडकुदळ हरणाबाई ओ देते. दोनशे बायका ऐकतात आणि कुणीही बोलत नाही. मेलेली बाई अकरा दिवस हजर राहते. बाराव्या दिवशी साहेब येतो तपासायला.

एवढं सांगून मी थांबले.

"मग?" दारातल्या माणसानं विचारलं.

मगदुमांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे तुम्ही केलंत?"

"गोष्टीत केलंय," मी म्हणाले.

मग जपाच्या वह्या त्यांनी स्वतः एकावर एक रचल्या, कापडात बांधल्या, गाठीत सुकलेलं फूल परत खोवलं. म्हणाले, "शनिवारी संध्याकाळपर्यंत वाट बघतो. असतील तेवढ्या वह्या घेऊन या. आणि कुणी विचारलं की कशावर आहे, तर विहिरीपासून सुरू करू नका. ह्या हजेरीपासून करा."

परतीची गाडी कराडला अर्धा तास थांबली. मी खाली उतरले नाही. शेजारच्या बाईनं मांडीवरच्या गाठोड्याला हात लावून नमस्कार केला, कुंकू बघून. मला तिच्याकडं बघवेना.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायचे होते. लालासाहेब आमच्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, आणि नेहमी मोठ्यानं बोलणारा तो माणूस हळूच म्हणाला, "दोन गेल्या, वहिनी. मी पोचलो तवा तिसरी त्येंच्या हातात हुती. नदी लय भरलीय, न्हाईतर उडी मारली आस्ती." आणि जाताना, "त्यात दुकानदार कुणी हाय का?"

मी नाही म्हणाले. ते जरा खट्टूच झाले.

आत आत्याबाई देवापुढं बसल्या होत्या. सात वह्या जमिनीवर होत्या, फळीवर नव्हत्या. त्या माझ्याशी त्या संध्याकाळी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. ताट वाढायच्या आणि उठून जायच्या. मी हवालदारांचं पत्र येईपर्यंत एकवेळ जेवायचं धरलं, तर त्यांनी माझं दुसऱ्या वेळचं ताट वाढणं बंद केलं, कारण न विचारता. त्यांना कळलं होतं की मी नियम मोडला आहे. लालासाहेबांनी माझा ओरडा आळीभर करून दाखवला होता.

शनिवारी पहाटे मी सात वह्या उचलायला वाकले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "बस. वाच."

मी एस.टी.ची वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, "मागनं दुसरी गाडी हाय. वाच."

मी तिसरी वही उघडली. पहिलं पान उलटून दुसऱ्यापासून वाचायला लागले. आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या. हरणाबाईच्या शिव्या आल्या तिथं त्यांच्या ओठाची कड हलली. सुलाबाईचं नाव पुकारलं आणि हरणाबाईनं ओ दिली तेव्हा त्यांचा हात सुपात थांबला तो थांबलाच.

प्रकरण संपल्यावर त्या म्हणाल्या, "ही हजरी मांडणारी तूच."

मगदुमांना दिलेलं उत्तर इथं देता आलं नाही. "होय."

"खोटं मांडलंस."

"अकरा दिवस."

"पोरी जगल्या?"

"जगल्या. थोरली गेल्या साली म्हसवडला दिली."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. उठल्या, गुडघ्यावर हात देऊन. "चार वरसं मी ह्याच्यावर फूल वाहिलंय," त्या म्हणाल्या. "तू मला न सांगता ठेवलंस. रामाच्या नावाखाली. त्येचं मला लय लागलंय, शालू. ते जायाचं न्हाई लगीच." मग लाल कापड आणून त्यांनी सात वह्या मधोमध ठेवल्या. गाठ मारायच्या आधी म्हणाल्या, "उघडून बघ. ह्याच हायत न्हवं?"

मी उघडून बघितल्या. एकेक.

दुपारी दोनला मी सांगलीत होते. मगदुमांनी तिथंच बसून तिसरी आणि चौथी वही वाचली, मधेच तपकीर सांडली तरी झटकली नाही. मग विचारलं, बुडालेल्या दोन वह्यांत काय होतं? मी म्हणाले, गाव होतं, दुष्काळ कसा आला ते होतं, विहीर होती. ती पानं मला अजून तोंडपाठ आहेत, मी महिन्याभरात लिहून देते.

"महिना नाही आपल्याकडं. आत्ता सांगा. थोडक्यात, आणि त्या दिवशीच्या आवाजात."

मी सांगितलं. फार वेळ लागला नाही, मलाच नवल वाटलं. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, एवढंच लिहा. दोन वह्यांचं एक पान झालं. विहिरीची एक ओळ मात्र मी आत घुसवली, आणि त्यांनी ती खोडली नाही.

मी लिहीत असताना परवा दारात उभा असलेला, खिळे जुळवणारा जुळारी आला. वही हातात घेऊन विचारू लागला, हे पहिल्या पानावरचं रामनाम आहे, सगळ्या सातही वह्यांत आहे, हे जुळवायचं का?

मगदूम माझ्याकडं बघू लागले.

"नाही," मी म्हणाले, आणि मशीन चालू असूनही ते दोघांना ऐकू गेलं. "ती पानं कापून मला परत द्या. ती आत्याबाईंची आहेत."